मुलग्यांच्या ग्रुपवर मी एकटी बाई

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मला ‘दहावी मुली – पालक’ या ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. वेळ अचूक आहे. माझा जन्म टेलिफोन एक्स्चेंजवर कॉल कधी जोडला आणि कधी तुटला हे लिहिण्यात गेला. तुटलेल्या कॉलची वेळ मला चुकत नाही.

माझा गुन्हा असा. शाळेने सकाळी सूचना टाकली, ‘अकरावीच्या विषय नियोजनाकडे पालकांनी लक्ष द्यावे.’ कुठे येऊन द्यावे, कधी द्यावे, विषय कोणते, काही नाही. त्याखाली पालकांनी रांगेने हात जोडलेली चित्रं टाकली. देवाला जोडावेत तसे. मी एकटीने प्रश्न विचारले, तेही क्रमांक घालून, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बर्नडेटनी शिकवलं होतं तसे. पाचव्या प्रश्नाला कुणीतरी लिहिलं, ‘आजी, हा ग्रुप पालकांसाठी आहे.’ मी लिहिलं, ‘मी स्थानिक पालक आहे. आणि तुमची आजी नाही.’ त्यावर पर्यवेक्षक मृत्युंजय सरांनी निकाल दिला, ‘पालक म्हणजे आई किंवा वडील.’ आणि मी बाहेर.

उत्कर्षा माझी कुणी नाही हे खरंच आहे. आमच्या एक्स्चेंजचा लाइनमन रावजी, त्याची ती नात. माळशिरसजवळच्या वस्तीवर चांगली शाळा नाही म्हणून आठवीपासून माझ्याकडे राहते. तिचे वडील दिग्विजय उसाच्या फडात, त्यांचा फोन मोटारसायकलच्या डिकीत. शाळेची एकही सूचना त्यांनी आजवर वाचलेली नाही. ‘मॅडम म्हणतील तसं’ एवढं एकच वाक्य त्यांना येतं. मग सूचना मला यायला नकोत तर कुणाला? उसाला?

उत्कर्षा घरी आल्यावर तिला सांगितलं. ती हसली.

“मॅडमआज्जी, तुम्हाला वर्गाबाहेर काढलं?”

“वर्गाबाहेर नाही. ग्रुपबाहेर.”

“तेच की.”


शुक्रवार, ९ जानेवारी

शाळेत गेले. मृत्युंजय सर तरुण आहेत, शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसांचा मला फार अनुभव आहे. लाइन मिळत नाही हे तेच सर्वांत गोड आवाजात सांगतात.

मी विचारलं, मुलींच्या आणि मुलग्यांच्या पालकांचे ग्रुप वेगळे का? म्हणाले, “मॅडम, एकत्र होते. पण मुलींच्या आयांचे नंबर सगळ्या बाप्यांना दिसायला लागले. तक्रारी आल्या. म्हणून दोन केले. सूचना त्याच असतात.”

“आणि स्थानिक पालक?”

“नियमात नाही.”

मी पर्समधून कागद काढला. आठवीच्या प्रवेशावेळी दिग्विजयने सही करून दिलेलं संमतीपत्र. त्यावर शाळेचाच शिक्का. सरांनी तो उलटसुलट पाहिला, जणू मागच्या बाजूला नियम सापडेल. मग क्लार्कला हाक मारली, “यांना दहावी पालकमध्ये परत घ्या.”

विजय. पण विजयाचा गर्व करू नये, हे सिस्टर बर्नडेट सांगायच्या. म्हणून नवी पेठेत एकच आइस्क्रीम खाल्लं.


शनिवार, १० जानेवारी

क्लार्कने मला मुलग्यांच्या ग्रुपवर घेतलं आहे.

‘दहावी मुले – पालक.’ सगळे बाप. सकाळी सहापासून फुलं, सूर्योदय, सुविचार. एकाने मला विचारलं, ‘तुमचा मुलगा कुठल्या तुकडीत?’ मी उत्तर दिलं नाही. पुन्हा शाळेत जाऊन दुरुस्त करून घ्यावं असं आधी वाटलं. मग वाटलं, सूचना त्याच असतात म्हणतात ना. बघू या तर खरं.

वरच्या मजल्यावरच्या सावित्रम्मांची नात उत्कर्षाच्याच वर्गात आहे, त्यांची सून मुलींच्या ग्रुपवर. सावित्रम्मा अक्कलकोटकडच्या, आमचं बोलणं अर्धं कानडीत चालतं. ठरलं असं, की त्या मला मुलींकडची बातमी सांगणार आणि मी त्यांना मुलग्यांकडची.

“अक्का, इल्ली, आमच्याकडे काय आहे ऐका,” त्या आज जिन्यातूनच म्हणाल्या. “मातांसाठी हळदीकुंकू. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात. पाककृती स्पर्धा.”

“आणि इकडे सैनिकी भरतीचं मार्गदर्शन, क्रिकेटची निवड चाचणी आणि रोबो बनवण्याचं शिबिर.”

सावित्रम्मांनी विचार केला. “पाककृतीला बक्षीस काय आहे, ते नाही लिहिलं.”


मंगळवार, १३ जानेवारी

पाण्याचा दिवस. सोलापुरात पाणी येतं त्या सकाळी घरात दुसरं काही होत नाही, पूजासुद्धा घाईत. आज नेमकी मोटर गुरगुरून बंद. खाली हौद भरलेला, वर टाकी कोरडी आणि मेस्त्री गड्ड्याच्या जत्रेत.

मी म्युनिसिपालिटीला, मेस्त्रीला आणि नशिबाला, याच क्रमाने बोलले. तेवढ्यात उत्कर्षा शाळेच्या युनिफॉर्ममध्ये मोटरजवळ वाकलेली. आधी मेन स्विच बंद केला, मग झाकण उघडलं.

“आवं मॅडमआज्जी, मोटर चांगली हाय. कॅपॅसिटर गेलाय.”

“चांगली आहे,” मी दुरुस्त केलं.

“चांगली आहे. कॅपॅसिटर गेलाय.”

कोपऱ्यावरच्या दुकानातून छोटी डबी आणली, लावली, मोटर सुरू. केस कपाळावर, हात काळे आणि चेहरा असा उजळलेला, की शाळेला उशीर झाला हे बोलायचं राहून गेलं. मी तिची बोटं पाहत होते. इतकी स्थिर बोटं. न घाबरता आत घालते, काय दुखतंय ते शोधते, नीट करून बाहेर काढते.

सर्जनची बोटं आहेत. मी सावित्रम्मांनाही तसंच म्हटलं. मागच्या दिवाळीत माझा जुना काळा टेलिफोन हिने उघडून पुन्हा वाजता केला, तेव्हाच मला शंका आली होती.


रविवार, १८ जानेवारी

उत्कर्षाला गड्ड्यावर घेऊन गेले. भाकरीच्या पिठाइतकी बारीक धूळ, माणसं, चिवड्याचे ढीग. तिला आकाशपाळण्याचं तिकीट काढून दिलं. मी खाली थांबले.

पाळणा फिरून थांबला, पुन्हा फिरला, मुलगी कुठेच नाही. जीव घाबरा झाला. सापडली ती पाळण्यामागच्या जनरेटरजवळ. पाळणेवाल्याशी गप्पा मारत होती. तिकीट हातात तसंच.

“एवढे दिवे एका लाइनवर न्हाईत,” ती धापा टाकत सांगू लागली. “तीन फेजवर वाटलेत. एक गेली तर बाकीचे चालू राहतात. ते काका म्हणाले...”

“ते काका काहीही म्हणू देत. तिकीट वाया गेलं.”

“बघायला मिळालं की.”

येताना पूर्ण रस्ता तीन फेज ऐकले. माणसाच्या रक्ताभिसरणाबद्दल इतकं उत्साहाने बोलली असती तर बरं झालं असतं. मी तसं म्हटल्यावर गप्प झाली. थकली असावी.


सोमवार, १९ जानेवारी

विषयांचा प्राथमिक फॉर्म आला, अर्थात मुलग्यांच्या ग्रुपवर. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही. दोन्ही दारं उघडी राहतात, पण माझ्या मनात एकच आहे. डॉ. उत्कर्षा. पाटी कशी दिसेल ते मी रिक्षातून येताना बघून ठेवलं आहे, सात रस्त्याजवळ.

फॉर्म भरून तिला वाचून दाखवला.

“ठीक आहे ना?”

“बरं, मॅडमआज्जी.”

मुलगी समंजस आहे. रावजीचे संस्कार.


मंगळवार, २० जानेवारी

ग्रुपवर सूचना. अकरावी शास्त्र शाखेला या वर्षापासून पुन्हा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हा विषय घेता येईल. एक भाषा आणि जीवशास्त्र सोडायचं, त्याऐवजी हा दोनशे गुणांचा. गणित राहतं. शनिवारी सकाळी दहाला वर्कशॉपमध्ये प्रात्यक्षिक, इच्छुकांनी महिनाअखेरीपर्यंत नाव द्यावं.

सावित्रम्मांना विचारलं. त्यांच्या सुनेच्या फोनवर हे नाही. तिकडे आज फक्त दोन वेण्यांची आठवण.

म्हणजे मुलींना कळवलेलंच नाही. क्षणभर ‘सूचना त्याच असतात’वर चिडले. मग म्हटलं, असू दे. मुलींनी काय करायचं खांबावर चढून? मी रावजीला तीस वर्षं खांबावर पाहिलं आहे. उन्हात, पावसात, पायाला लोखंडी काटे बांधून. एकदा पडला तेव्हा तीन महिने घरी होता. त्याची नात पुन्हा तिथेच चढावी म्हणून का मी तिला इथे ठेवून घेतलं?

उत्कर्षाला सांगितलं नाही. उगाच मुलीचं मन दोन ठिकाणी.


शनिवार, २४ जानेवारी

उत्कर्षा शाळेतून आली ती जेवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. बाम लावून दिला. आज दप्तराची चेन तुटली तरी तिने पक्कड मागितली नाही, मी स्वतःहून दिली तरी घेतली नाही. विशेष.


रविवार, २५ जानेवारी

रावजी आला. हुरडा, तिळाची चटणी, दोन ऊस आणि पिशवीभर हरभऱ्याचे टहाळे. निवृत्तीनंतरही तो दारात आल्यावर चपला व्यवस्थित जोडून, उभा राहून ‘नमस्कार म्याडम’ म्हणतो. मी किती वेळा सांगितलं, बस. बसतो, पण खुर्चीच्या कडेवर.

उत्कर्षा शिकवणीला गेली होती. मी पोहे टाकले. रावजी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, “म्याडम, रागावणार न्हाई न्हवं?”

“रागावणार आहे की नाही, हे आधी सांगितल्यावर ठरवेन.”

“काल पोरीचा फोन आला हुता. लई रडली.”

माझ्या घरात राहणारी मुलगी रडली, हे मला माळशिरसहून कळलं.

रावजीने सांगितलं ते असं. शनिवारी वर्गातली मुलं वर्कशॉपकडे निघाली, तेव्हा उत्कर्षाला प्रात्यक्षिकाचं कळलं. ती मागोमाग गेली. दारात मृत्युंजय सर होते. म्हणाले, ‘बेटा, हे मुलींसाठी नाही.’ ती आत गेली नाही, पण परतही आली नाही. मागच्या खिडकीच्या गजाला धरून तासभर उभी राहिली. आत मास्तर पंख्याची मोटर खोलून दाखवत होते.

“म्हणाली, आजोबा, त्यांनी वायर उलटी जोडली हुती. मी खिडकीतनं वरडले, तर समदी पोरं हसली. मास्तरबी हसले. पर जोडली मात्र पोरगी म्हणली तशीच.” रावजी हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. “तिला त्योच विषय पायजे म्याडम. कवापासनं.”

“मग मला का नाही सांगितलं तिने?”

रावजी चपलांकडे बघावं तसा पायांकडे बघत होता, चपला तर दाराबाहेर होत्या. “तुमास्नी डाक्टर करायचीय न्हवं.”

मी पोहे ढवळत राहिले. तो काहीतरी वेगळं बोलून मला हलकं करायला बघत होता, हे कळत होतं. जुन्या आठवणी काढल्या. एक्स्चेंजची शिडी, साहेबांचा डबा. मग म्हणाला, “तुमाला सांगू का, तवा चौऱ्याऐंशी साली ती टेक्निशियनची परीक्षा निघाली हुती, तवा आमास्नी वाटलं हुतं, म्याडम बसनार. तुमचं डोकं हुतं त्यात. आमी खालून ओरडायचो आन् तुमी वरनं सांगायच्या, कुटं लाइन तुटली ती.”

“कोणती परीक्षा?”

“खात्याची. कागद लागला हुता की फळ्यावर. आमच्या लाइनस्टाफच्या खोलीत.”

“आमच्या खोलीत नव्हता लागला.”

“व्हय का?” रावजीला खरंच आश्चर्य वाटलं. “मला वाटलं, तुमास्नी नको असंल. तुमचं इंग्लिश, पंख्याखालची खुर्ची. आमी म्हणायचो, त्या कशाला येतील असल्यात.”

पोहे करपले. रावजीने सगळे खाल्ले. चांगले झालेत म्हणाला. तो माणूस खोटं बोलतो तेव्हा जेवणाच्या बाबतीतच बोलतो.


सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाहून येताना उत्कर्षाने जिलबी आणली. दोघी गच्चीत बसलो. टाकीचं झाकण हेच आमचं टेबल.

“शनिवारी खिडकीत किती वेळ उभी होतीस?”

तिने जिलबी ठेवली. “आजोबांनी सांगितलं?”

“माझ्या घरातली बातमी मला ट्रंक कॉलने येते. वाईट वाटतं.”

मग म्हणाली, “तुम्ही सगळ्यांना सांगता, ही डॉक्टर होणार. रिक्षावाल्यालापण. त्यांनी मला गुडघा दाखवला होता.”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

“आणि मला माहीत होतं, तुमच्या ग्रुपवर सूचना आली होती. फोन चार्जिंगला मीच लावते. तुम्ही वाचली होती, न वाचलेल्याचा हिरवा आकडा गेला होता. मला वाटलं, आता सांगतील. मग वाटलं, गप्प बसल्यात म्हणजे नको असेल.”

काल रावजी अगदी हेच म्हणाला होता. फक्त दुसऱ्या बाईबद्दल.

मला वाद घालता येतो. शाळेशी, म्युनिसिपालिटीशी, बँकेशी, विमा कंपनीशी. पण ती बोलत असताना तिचे हात टाकीच्या काढून ठेवलेल्या जुन्या फ्लोटचा बॉल विनाकारण वरखाली करत होते आणि मला त्यात सर्जन कुठेच दिसेना. कधीच नव्हता बहुतेक. मला पाटी दिसत होती.

“खांबावरून माणूस पडतो,” मी म्हणाले. “तुझा आजोबा पडला होता.”

“पाच फुटांवरून. त्यांनी बेल्ट लावला नव्हता. मी लावणार.” आणि मग, जरा धीर करून, “आणि खांबावर नाही जायचं मला. मला लाइन का जाते ते शोधायचं आहे. तुम्ही शोधायच्या ना, आजोबा सांगतात. खुर्चीतून.”

मी जिलबीचा पाक हातावरून पुसत बसले.

“मी सूचना सांगायला हवी होती,” मी शेवटी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. आता मात्र हसली. “तोंडी नको. शाळेला म्हणता तसं मलाही लेखी द्या. मुदत घालून.”

“किती मुदत?”

“उद्या संध्याकाळपर्यंत. फार वेळ दिला तर लोक टाळाटाळ करतात, असं कोण म्हणतं?”

मी म्हणते.


मंगळवार, २७ जानेवारी

शाळेत गेले. मृत्युंजय सरांनी चहा मागवला. मऊ माणसं चहा मागवतात तेव्हा नकार तयार असतो.

“मॅडम, मुली हा विषय घेत नाहीत.”

“त्यांना कळवलं होतं?”

“घेत नाहीत म्हणून कळवलं नाही.”

“म्हणजे कळवलं नाही म्हणून घेत नाहीत.”

सरांनी चहाचा घोट घेतला. “वर्कशॉपात मुलींना त्रास होतो. ग्रीस असतं, शॉकची भीती. पालक उद्या आम्हालाच विचारतील.”

“विचारू देत. मी रोज विचारते, तुम्हाला सवय झाली असेल.”

ते खरंच हसले. माणूस वाईट नाही. मग त्यांनी संगणकावर काहीतरी शोधलं आणि मान तिरकी करून म्हणाले, “पण मॅडम, फॉर्ममध्ये गणित-जीवशास्त्र तुम्हीच भरलंय. आणि एक विचारू? मुलींच्या ग्रुपवर सूचना नव्हती, मान्य. पण तुम्ही तर चुकून मुलांच्या ग्रुपवर होता. तुम्हाला ती वीस तारखेलाच मिळाली होती. मग तुम्ही का नाही पाठवलंत तिला?”

मी म्हणाले, विषयांतर करू नका.

बाहेर आल्यावर रिक्षात बसून आठवलं, मृत्युंजय सरांचा चहा मी संपवलाच नाही. मला अन्न टाकायची सवय नाही.

नाव नोंदवण्याबद्दल त्यांचं उत्तर, ‘बघतो.’ तोंडी. फॉर्म बदलायला वडिलांची सही हवी, आणि त्यानंतरही मुलीला घ्यायचं की नाही ते ‘वर विचारावं लागेल’. शनिवारी नोंदणी बंद. वर कोण आहे ते त्यांना स्वतःलाही नीट माहीत नसावं.

घरी आल्यावर दोन कामं केली. पहिलं, सावित्रम्मांकडे गेले आणि ती सूचना त्यांच्या सुनेच्या फोनवर पाठवली. सुनेने तिथेच मुलींच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत खाली हात जोडलेली चित्रं सुरू. मग मात्र एका आईने लिहिलं, ‘हे मुलींना पण आहे का?’ दुसरीने लिहिलं, ‘माझी विचारत होती.’ सावित्रम्मा म्हणाल्या, “अय्यो अक्का, आता सुनेलापण काढतील.” सून म्हणाली, काढू देत, तुमच्या खोलीत येऊन बसेन.

दुसरं काम संध्याकाळच्या मुदतीच्या आत केलं. चार ओळी, उत्कर्षाच्या नावाने, सही करून. त्यात काय लिहिलं ते इथे उतरवत नाही. तिने वाचलं. पोच दिली, माझ्याच पेनने, ‘मिळाले, उ.’ आणि ते घडी घालून कंपासपेटीत ठेवलं. मग पक्कड मागितली.

दिग्विजयला फोन लावला. सांगितलं, गुरुवारी पहिल्या एसटीने ये, सही करायची आहे.

“कशाची, म्याडम?”

आजवर मी त्याला कधी हे सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, सगळं. विषय काय, कशाऐवजी, पुढे काय होतं, काय होत नाही. डॉक्टर होता येणार नाही, हेही. लाइनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं तुटली.

“पोरीला पायजे हाय का ते?”

“आहे.”

“मग येतो. उसाची टोळी जरा थांबंल.”


बुधवार, २८ जानेवारी

पत्राचा मसुदा. उत्कर्षाने वाचून एक वाक्य कापलं, ते बरोबर होतं. आजच सकाळी दहाला मी स्वतः नेऊन देणार, पोच घेणार.

मा. पर्यवेक्षक,

१. दिनांक २० जानेवारी रोजी आपल्या शाळेने इलेक्ट्रिकल मेंटेनन्स या विषयाची सूचना फक्त मुलग्यांच्या पालकांना पाठवली. ‘सूचना त्याच असतात’ हे आपले शब्द आपणच खरे करून दाखवावेत आणि ही सूचना आजच्या आज आपल्या हाताने मुलींच्या ग्रुपवर टाकावी.

२. शनिवारच्या प्रात्यक्षिकाला ज्या विद्यार्थिनीला आपण दारातून परत पाठवलं, तिच्यासाठी आणि विचारणाऱ्या इतर मुलींसाठी पुन्हा एक प्रात्यक्षिक ठेवावं. आतून. खिडकीतून नव्हे.

३. कुमारी उत्कर्षाचा फॉर्म माझ्या हातून चुकीचा भरला गेला आहे. तिचे वडील उद्या येऊन सही करतील. त्यानंतर तिचं नाव नोंदवलं की नाही, आणि नसेल तर कोणाच्या आणि कोणत्या नियमाने, ते कळवावं.

४. ही सूचना मला मिळूनही मी मुलीला सांगितली नाही, हा आपण काल मांडलेला मुद्दा रास्त आहे. त्याचं लेखी उत्तर जिला द्यायचं तिला मी मुदतीत दिलं असून तिची पोच माझ्याकडे आहे.

५. मला मुलींच्या ग्रुपवर परत घेण्याची मागणी मी मागे घेत आहे. मुलग्यांच्या ग्रुपवर मी आहे ती बरी आहे. तिकडे कोणती बातमी लागते आणि इकडे कोणती लागत नाही, यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. मला काढू नये.

आता फक्त आपलं उत्तर बाकी आहे. ते शुक्रवार, ३० जानेवारी २०२६, दुपारी चार वाजेपर्यंत, सहीशिक्क्यानिशी, कागदावर मिळावं. फोन करू नये. फोनवर लोक काय कबूल करतात आणि लाइन तुटल्यावर काय विसरतात, ते मी जन्मभर ऐकलेलं आहे.

रुद्राणी मठपती
निवृत्त पर्यवेक्षिका, टेलिफोन एक्स्चेंज
स्थानिक पालक